एका संध्याकाळपुरतं सभागृह द्या

महोदय,

गेल्या महिन्यात मालवणजवळच्या एका वाडीत, घराच्या खळ्यात बसून एका नव्या दोन अंकी नाटकाचं वाचन ऐकलं. लेखक स्वतंत्र, पाठीशी ना संस्था, ना निर्माता. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला जाणाऱ्या, एकमेकांवर जीव असलेल्या दोन पुरुषांची ही गोष्ट. एका प्रसंगात एक जण जाळं विणता विणता थांबतो आणि दुसऱ्याच्या मनगटाला चिकटलेलं तारलीचं खवल नखाने अलगद काढतो. दोघंही काही बोलत नाहीत. वाचक क्षणभर थांबला, तेव्हा मागून एक आजी म्हणाली, ‘मगे फुडे काय झाला?’

प्रयोगाला मात्र सभागृह मिळेना. ‘आमच्याकडे कुटुंबं येतात’, असं एका ठिकाणी सांगण्यात आलं. त्या खळ्यात कुटुंबंच तर बसली होती!

समलिंगी प्रेम करणाऱ्या तरुणीवरचं विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार बघणारे आपण रसिक. त्यात पुरुषाने स्त्रीपार्ट करणं ही वेगळी गोष्ट, हे मान्य. पण नवी संहिता न वाचताच नाकारावी, इतके आपण कोते नाही.

राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळांनी ही संहिता मागवून वाचावी. आणि सभागृहवाल्यांनी एक संध्याकाळ द्यावी, भाडं लेखक भरायला तयार आहे.

— एक नाट्यप्रेमी, मालवण