आक्का, ती वाकळ मी एकटीनं शिवली नव्हती

तीर्थस्वरूप आक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइल हातात धरत नाही, तेव्हा हे पत्र तुमच्या नातीनंच तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. तिला तसं सांगून ठेवलंय. घर चार पावलांवर असताना असं उघड लिहायचं कारण तुम्हाला माहीत आहे. बचत गटाच्या प्रदर्शनात माझी हिरवी वाकळ, म्हणजे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, टांगली होती. एका बाईंनी विचारलं, "ही तुम्हीच शिवली का हो?" आणि मी पटकन म्हणून गेले, "हो, मीच." तुम्ही मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, हातात चहाचा कागदी कप. काही बोलला नाहीत. नुसता चहा फुंकत राहिलात. मला रात्रभर झोप आली नाही. चारचौघांत अर्धं खोटं बोलले, तर उरलेलं खरंही चारचौघांतच सांगावं, म्हणून हे.

वाचणाऱ्यांसाठी आधी पोत्याची गोष्ट सांगते. इचलकरंजीत कापडाला तोटा नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव मागांच्या आवाजातच झोपतं आणि उठतं. पण माझ्याकडचं पोतं मागाच्या कापडाचं नव्हतं, ब्लाउजांच्या कातरणाचं होतं, आणि सगळं हिरवं. बाकीचे रंग येतात तसे जातात. कुणी उशीत भरायला नेतं, कुणी पायपुसण्याला. हिरवं मात्र साठतच जातं, कारण ते येतंच फार. ओटी भरली की हिरवा खण, डोहाळजेवणाला हिरवी साडी, लग्नात चुड्याबरोबर हिरवं, देवीला हिरवं. एकेका बाईच्या कपाटात आठ-दहा हिरवे ब्लाउजपीस घडी न मोडता पडलेले असतात. मग कधीतरी तिला वाटतं, शिवून टाकू, आणि ती माझ्याकडं येते. ऐंशी सेंटिमीटरात ब्लाउज बसवला की गळ्याचा अर्धगोल निघतो, मुंढ्याच्या दोन चंद्रकोरी निघतात, बाहीच्या बाजूच्या तिरक्या पट्ट्या निघतात. सरळ कडेचं फारसं काहीच नाही. मागच्या गळ्याच्या तुकड्यातून जेमतेम पाच इंची चौकोन निघतो, तोही कात्री जपून चालवली तर. अशी सहा वर्षं मी पोतं भरत होते.

मग डोक्यात आलं की ह्याचीच एक वाकळ करावी, दुसरा रंगच नको. पाच बाय सात फुटांची. पाच इंची चौकोन, शिवणीत चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गेला की चार इंच उरतो. आडवे पंधरा, उभे एकवीस, म्हणजे ३१५ तुकडे. हिशेब मी चोख केला होता, आक्का. बाकी सगळं चुकलं.

माझी समजूत अशी की एकाच रंगाचं काम म्हणजे सोपं काम, सगळं सगळ्याला शोभतंच. म्हणून पोपटीशेजारी पोपटी, मेंदीशेजारी मेंदी, शेवाळीशेजारी शेवाळी असे लावत गेले. दुकान बंद झाल्यावर रोज रात्री, तीन आठवडे. पुरी झाली आणि दोरीवर टाकून लांबून बघितली, तर पावसाळ्यातली मोरीची फरशी! ३१५ तुकड्यांतला एकही दिसेना. नवरा म्हणाला, "अगं, अखंड कापडच घ्यायचं होतंस की." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण म्हणणं त्याचं बरोबर होतं.

ती गुंडाळून तुमच्याकडं आणली तेव्हा तुम्ही शेंगा निवडत होता. ओसरीवर पसरायला लावलीत, डोळे किलकिले केलेत आणि म्हणालात, "ह्यात उजेड कुठाय आणि सावली कुठाय? हिरव्यानं हिरवं खाल्लंय समदं." आणि ब्लेड हातात देऊन "उसव" म्हणालात. तीन आठवड्यांचं काम. त्या क्षणी तुमचा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

उसवलेले तुकडे तुम्ही ओसरीवर ओतलेत आणि ढीग लावायला बसलात. मला वाटलं, पोपटीचा एक, मोरपंखीचा एक. तसं काही नाही. तुम्ही तीनच ढीग केलेत: गडद, मधला, फिका. त्यात पोपटी कुठं आणि चिंतामणी कुठं याच्याशी तुम्हाला देणंघेणंच नव्हतं. (चिंतामणी हिरव्यात धरायचा की निळ्यात, यावर मी वाद घालायला बघत होते. तुम्ही तो उचलून मधल्या ढिगात टाकलात, विषय संपला.) "रंग बघू नगं, डोळं बारीक करून बघ. जे आत जातं ते गडद, जे म्होरं येतं ते फिकं." माझा विश्वास बसेना. घरी गेल्यावर तुमच्या नातीला सांगून तिन्ही ढिगांचे मोबाइलवर काळे-पांढरे फोटो काढून घेतले. रंग गेला की लबाडी उघडी पडते. तुमच्या डोळ्यांनी लावलेले ढीग फोटोतही तेच निघाले. चुकले ते फक्त चार तुकडे, आणि ते चारही खणाचे.

त्या चारांनी मला फार शिकवलं. खणाला ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, त्यामुळं तो धूपछाव दिसतो. एका बाजूनं धरला तर गडद, नव्वद अंशात फिरवला तर लख्ख. फोटो काढताना पोरीनं ते आडवे ठेवले होते, तुम्ही उभे बघितले होते. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन आले, तर तुम्ही एक तुकडा उजेडाकडं धरून सावकाश फिरवलात आणि म्हणालात, "ह्यो दोन्ही घरचा पावणा. जिथं अडेल तिथं लावायचा." खरोखर, जिथं गडदाच्या शेजारी गडद येत होता तिथं नुसता खण फिरवून आपली सुटका झाली.

नंतर तुम्ही काही तुकडे बाद केलेत, माझे लाडके चमकणारे. प्रत्येकाचा एकेक धागा ओढून निरंजनावर धरलात. ज्याची राख झाली आणि कागद जळल्यासारखा वास आला ते सुती, ठेवलं. ज्याचा वितळून काळा मणी झाला ते पॉलिस्टर, बाजूला. सुती कापड धुतल्यावर आकसतं, पॉलिस्टर आकसत नाही, आणि मग दोघांच्या भांडणात वाकळेला चुण्या पडतात. हे मला शिवणकाम करून बारा वर्षं झाली तरी सुचलं नव्हतं, कारण ब्लाउजात दोन कापडं अशी शेजारी-शेजारी येतच नाहीत.

बाटली हिरव्यानं तर दगाच दिला असता. ओलं पांढरं फडकं घासलं, तर फडकं हिरवं. मी म्हटलं, मिठाच्या पाण्यात ठेवू. तुम्ही हसलात. "मिठानं रंग बसत न्हाई, पाणी खारट हुतं फकस्त." चार दिवस तो वेगळ्या बादलीत, रोज नवं पाणी, पाणी नितळ येईपर्यंत. त्या चार दिवसांत मी तुमच्याकडं रोज येत होते, आणि खरं सांगायचं तर बादली हे निमित्त होतं.

आता विटकरीचं. मांडणी झाली, गडद-फिक्याच्या तिरक्या ओळी उमटल्या, छान दिसत होतं. तुम्ही आत जाऊन जुन्या इरकलीचा काठ घेऊन आलात, विटलेला लाल, विटकरीकडं झुकलेला, आणि त्याचे पाच चौकोन कापायला सांगितलेत. मी आडवी आले. एकच रंग ठरलाय, मोडायचा नाही. तर तुम्ही काय म्हणालात ते मी प्रदर्शनातल्या त्या बाईंना सांगायला हवं होतं: "पोराला तीट लावतात ती काय रंग बिघडवायला व्हय?"

लावले. आणि पहिल्यांदा हिरवं हिरवं दिसलं.

शिवायची पद्धतही तुमचीच. पोटात दोन जुन्या सुती नऊवाऱ्या, अंगणात ताणून चारी कोपऱ्यांवर विटा, आधी लांब कच्चे टाके, मग धावदोरा, कडेकडेनं सुरू करून फेऱ्या घालत आत आत. मी मधूनच सुरू करणार होते. तसं केलं असतं तर कडेला झोळ जमला असता. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, मी एकदा बघितली होती. त्याही अशाच कडेकडून आत येतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेली त्रिकोणी फुलं लावतात. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "मग त्यास्नी बी कळतंय की." तुम्ही अंगुस्तान घालत नाही. तुमच्या मधल्या बोटाला सुईच्या बुडानं पडलेला घट्टा आहे, त्यावर सुई टेकते आणि सरकते. माझं बोट तिसऱ्या दिवशी रक्ताळलं.

पैशांचंही लिहिते, कारण लोक वाकळेचं नाव निघालं की लगेच आजीची माया आणि मायेची ऊब सुरू करतात, आणि पाकीट खिशातच राहतं. तुम्ही माझ्याकडून दोन हजार रुपये मोजून घेतलेत, दोन वेळा मोजलेत, आणि ते योग्यच होतं. तुमचे अकरा दिवस गेले होते.

एक गोष्ट मात्र राहिली. ढीग लावताना तुम्ही सहज म्हणालात, "मालक गेल्यापासनं हिरवं अंगाला लागलं न्हाई. शिवलं मातूर ढिगानं." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ते मी तुम्हाला सांगायला लागले, तर तुम्हाला माहीत होतं. "ऐकलं. बरं झालं. उशीर झाला," एवढंच म्हणालात आणि पुढचा तुकडा उचललात.

पाच विटकरी म्हणजे ३१० हिरवे हवे होते. ते मी स्वतः मोजून आणले होते. शिवायला बसलो तेव्हा ३०९ भरले. तुम्ही म्हणालात, "उंदरानं न्हेला असंल," आणि काठाचा सहावा चौकोन कापलात. म्हणून त्या वाकळेत तिटी सहा आहेत. आक्का, तो तुकडा तुम्ही कमरेला खोचताना मी बघितलं होतं. खणाचाच होता, धूपछाव, त्या चार पाहुण्यांतला.

पाच इंचात ब्लाउज होत नाही. त्याच खणाचं ऐंशी सेंटिमीटर माझ्याकडं कोरं पडलंय. रविवारी संध्याकाळी टेप घेऊन येते. बाही कोपरापर्यंत ठेवू की आखूड, तेवढं ठरवून ठेवा.

तुमची,
समोरच्या बोळातली ब्लाउजवाली