सेनेकानेसुद्धा शेवटी जागा बदलली

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला स्टोइक तत्त्वज्ञानावरचा (म्हणजे बाहेर काहीही होवो, मन शांत ठेवा असं सांगणारं जुनं ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान) लेख वाचला, म्हणजे खरं तर जावयाने व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, बाबा आता तुम्ही स्टोइक व्हा. कारण आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला जिम आहे आणि आम्ही बरोब्बर त्याच्या डोक्यावर. पहाटे साडेपाचला वजनं आपटायला लागतात, वर ती ढिंच्याक गाणी, आणि मी आठवड्यातून दोनदा तरी खाली जाऊन भांडतो. तर स्टोइक व्हा म्हणजे काय, गप्प बसा.

आता गंमत बघा. रोममधला सेनेका हा या मंडळींमधला मोठा माणूस, नीरो बादशहाचा शिक्षक, पैसा भरपूर (साधेपणावर लिहायचा मात्र छान!). त्याची मित्राला लिहिलेली १२४ पत्रं आहेत, त्यातलं ५६वं पत्र काढून वाचा. हे महाशय तेव्हा राहत होते सार्वजनिक स्नानगृहाच्या वर! खाली कोण वजनं उचलताना कण्हतंय, मालिशवाल्याचा हात खांद्यावर फटाफट पडतोय, एकजण चेंडूच्या खेळाचा हिशोब मोठ्याने मोजतोय, कोणी पाण्यात धबाककन उडी मारतोय. काखेतले केस उपटणारा तर सारखा गिऱ्हाइकासाठी ओरडतो आणि गप्प कधी बसतो तर गिऱ्हाईक ओरडायला लागलं की. दोन हजार वर्षं झाली, पण मला वाचताना वाटलं हा माणूस आमच्याच सोसायटीत राहतो.

सेनेका म्हणतो की नुसत्या गोंगाटापेक्षा माणसाचा आवाज जास्त त्रास देतो कारण मन त्याच्यामागे ओढलं जातं. हे शंभर टक्के खरं आहे, वजनांच्या धाडधाडीची मला सवय झालीय पण तो ट्रेनर 'अजून दोन, अजून दोन' करतो ना तेव्हा मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजायला लागतो.

पण फॉरवर्ड करणारे पत्राचा शेवट वाचत नाहीत. आत शांती असेल तर बाहेरचा आवाज काय करणार वगैरे सगळं सांगून झाल्यावर तो लिहितो की मला स्वतःची परीक्षा घ्यायची होती, आता मी इथून निघतो, ग्रीक कथेतल्या ओडिसियसने मोहात पाडणारं गाणं ऐकू येऊ नये म्हणून सोबत्यांच्या कानात मेण भरलं, इतका सोपा उपाय असताना उगाच छळ कशाला! म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खा असं तो कुठेच म्हणत नाहीये.

दुसरा स्टोइक एपिक्टेटस, मूळचा गुलाम, पायाने अधू. त्याच्या शिष्याने लिहून ठेवलेल्या छोट्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे की काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार (विचार तपासून भावना बदलायची पद्धत) म्हणतात त्याचे जनक अल्बर्ट एलिस यांनीही याच एपिक्टेटसचा आधार घेतला. एपिक्टेटसचंही उदाहरण स्नानगृहाचंच, की आंघोळीला निघताना आधीच मनाशी धरा, तिथे कोणी पाणी उडवेल, कोणी ढकलेल, शिव्या देईल, चोरी पण होईल. हे मी करून पाहिलं. रात्री झोपतानाच म्हणतो साडेपाचला आवाज होणार आहे. झाला की दचकायला होत नाही, बीपीची गोळी तीच आहे पण बायको म्हणते चिडचिड कमी झालीय.

तरी तक्रार सोडलेली नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते ६, आणि रहिवासी भागात तेव्हा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पहाटे साडेपाच हे त्यात येतं, हे बिचाऱ्या ट्रेनरवर खेकसून नाही, सोसायटीला लेखी दिलंय. घर बदलायची सेनेकासारखी ऐपत नाही त्यामुळे सध्या कापसाचे बोळे.

आपला,
एक वाचक, ठाणे