किनाऱ्यावरचा उकाडा नुसत्या पाऱ्यावर मोजू नका

मा. संपादक,

दर उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्या येतात, त्यात अकोला, चंद्रपूर, जळगाव सगळे ४३-४४ च्या पुढे आणि खाली शेवटी कुठेतरी रत्नागिरी ३४, अलिबाग ३३, मग वाचणाऱ्याला वाटतं कोकणातली माणसं मजेत आहेत, समुद्राचा वारा खातायत. विदर्भातल्या उन्हाबद्दल मला काही कमी बोलायचं नाहीये, तिथे माणसं खरंच होरपळतात. पण आमच्या इथला ३४ हा तिकडच्या ३४ सारखा नसतो, हे कोणीतरी नीट छापायला हवं म्हणून हे पत्र.

हवामान खात्याचा नियम असा आहे की सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० झालं तरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, किनारपट्टीला ही अट ३७ ची आहे, आणि शिवाय ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी वर पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे आता होतं. सकाळी जमिनीवरून पूर्वेचा वारा येत असतो, तो सह्याद्री उतरून खाली येताना दाबला जाऊन आणखी तापतो, आणि एरवी अकरा-बाराला सुरू होणारा समुद्रावरचा खारा वारा त्याच्या जोरामुळे दोन-तीन वाजेपर्यंत आत शिरतच नाही. तेवढ्या तीन तासात पारा ३८-३९ ला जाऊन बसतो. मार्च २०२३ मध्ये गोव्यात याच कारणासाठी शाळा दुपारच्या आत सोडायला लागल्या होत्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई-ठाण्याला चक्क फेब्रुवारीत लाटेचा इशारा आला आणि सांताक्रूझला ३८ च्या वर गेलं. हे निदान दिसतं तरी, बातमी होते, अलर्ट येतो.

खरा त्रास त्यानंतर सुरू होतो आणि तो कुठल्याच नियमात बसत नाही. एप्रिल अर्धा गेला की खारा वारा वेळेवर येतो, पारा ३३-३४ वर थांबतो, पण हवेत इतकं पाणी असतं की घाम सुकतच नाही. आणि शरीर गार होतं ते घाम आल्यामुळे नाही, तो सुकल्यामुळे. ३४ तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असली तर अंगाला जाणवतं ते ४२ च्या आसपास, आर्द्रता ७० टक्के झाली की त्याच्याही बरंच वर. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं ते जर ३५ झालं तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून, हवं तेवढं पाणी पिऊन काही तासांच्या वर तग धरू शकत नाही असं शास्त्रज्ञ सांगत आलेत, आणि अलीकडे माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले तेव्हा तरुण निरोगी लोकांचीसुद्धा मर्यादा त्याच्या बरीच खाली, ३१ च्या जवळ निघाली. मग म्हातारी माणसं, गरोदर बायका, बीपीच्या गोळ्या घेणारे यांचं काय होत असेल?

आमची थोडी हापूसची कलमं आहेत. मे महिन्यात पॅकिंगच्या शेडमध्ये बायका आंबा निवडून पेंढ्यात लावत असतात, वर पत्रा, खाली बसलेल्या. पंखा लावला तरी तो नुसती गरम हवा फिरवतो. प्रत्येकीच्या खांद्यावर एक फडकं असतं, आधी हात पुसायचे आणि मग फळाला हात लावायचा, कारण ओलं फळ पेटीत गेलं तर डाग पडतो. दुपारी बारानंतर ते फडकं पिळलं तर पाणी निघतं. घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन झाडावर चढणारी नेपाळी पोरं संध्याकाळी पोटऱ्यात गोळे आले म्हणून पाय धरून बसतात, एकजण तर चक्कर येऊन फांदीला धरून राहिला म्हणून वाचला. त्या दिवशी पेपरात आमच्या भागाचं तापमान ३३ होतं. दवाखान्यात नेलं तर केसपेपरवर अशक्तपणा असं लिहिलं गेलं. उष्माघात म्हणून कुठेच नोंद नाही, मग सरकारी आकड्यात कोकण नेहमी सुरक्षितच दिसणार ना.

आणि रात्र. याबद्दल कोणी बोलतच नाही. हवामान खात्याचा उष्ण रात्रीचाही एक निकष आहे, रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर, पण तो लावायचा कधी, तर दिवसाचं कमाल ४० किंवा जास्त असेल तेव्हाच. किनाऱ्यावर मे महिन्यात ४० कधी होणार? म्हणजे नियमाप्रमाणे आमच्याकडे उष्ण रात्र जवळपास नसतेच! प्रत्यक्षात पहाटे तीन वाजता २७-२८ तापमान आणि आर्द्रता ८५ च्या वर, उशी भिजलेली, लहान पोरं घामोळ्याने रडतायत आणि त्यात लाईट जाते. विदर्भात दिवस भयंकर तापतो पण तिथली कोरडी हवा घाम तरी सुकवते. आमच्याकडे शरीराला सावरायला जी रात्र मिळायची तीच गेलीये आणि सकाळी सहाला रात्रभर न झोपलेली बाई परत मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावाला उभी असते. त्यात आता कौलं काढून सगळीकडे पत्रा नाहीतर स्लॅब, दुपारभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली धग सोडत राहतो. कौलातून वाफ निघून जायची, खाली पडवी असायची. लोकांनी हौसेने नाही बदललं, वादळात कौलं उडतात, माकडं फोडतात, शाकारायला माणूस मिळत नाही. पण गरम घरात राहायची पाळी आलीच.

हे सगळं वाढतच जाणार हे आता लपून राहिलेलं नाही. देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात ०.७ अंशांनी वाढलं असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. अरबी समुद्रही तापतोय, आणि हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. म्हणजे ज्या समुद्राच्या भरवशावर आपण निवांत होतो तोच आता गरम आणि ओली हवा आत पाठवतोय.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात १४ माणसं उष्माघाताने गेली. पारा ४० च्या खाली होता. लाखो लोक तासन्‌तास उघड्यावर बसलेले, खाडीकाठची दमट हवा. त्यानंतर चार दिवस चर्चा झाली आणि दुसऱ्या वर्षी परत भर एप्रिलमध्ये दुपारच्या सभा चालू, आता तर लग्नंसुद्धा साडेबाराच्या मुहूर्तावर उघड्या मांडवात.

हवामान खातं उष्ण आणि दमट हवामानाचा पिवळा इशारा देतं आणि २०२३ पासून उष्मा निर्देशांकही, म्हणजे आर्द्रता धरून अंगाला जाणवणारं तापमान, प्रायोगिक म्हणून काढतं, म्हणजे माहिती आहे, फक्त ती खाली पोचत नाही. तुमच्याकडे एक मागणं आहे, तापमानाच्या चौकटीत किनाऱ्यावरच्या गावांपुढे दुपारची आर्द्रता, जाणवणारं तापमान आणि रात्रीचं किमान हे तीन आकडे रोज छापा. ३४ च्या शेजारी ४४ छापलेलं दिसलं तर मुकादमही दोनदा विचार करेल.

बाकी सरकारने अहमदाबादकडे बघावं. तिथे २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने शेकडो माणसं गेली, मग २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेसाठी वेगळा आराखडा केला. मुंबईचा हवामान आराखडा मार्च २०२२ मध्ये आलाय, पण रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, पालघरच्या लहान गावांना तो कसा लागू होणार? इथे रोजगार हमीची आणि रस्त्याची कामं मे महिन्यात पहाटे सहा ते दहा आणि मग संध्याकाळी अशी लावता येतात, आदेश काढायला पैसे लागत नाहीत. हायवे रुंद करताना जुनी वड-आंब्याची झाडं गेली, तिथल्या स्टॉपवर एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांना निदान शेड आणि पाणी द्या. उपकेंद्रातल्या सिस्टरांना एवढं शिकवा की ३३ तापमानातही उष्माघात होतो आणि तो तसाच लिहायचा. आणि किनारपट्टीसाठी उष्ण रात्रीची ४० ची अट काढून तिथे आर्द्रता धरून वेगळा निकष लावा, ही मागणी आमच्या खासदार-आमदारांनी दिल्लीपर्यंत न्यावी, येत्या फेब्रुवारीच्या आत.

आपली एक वाचक,
रत्नागिरी