तिन्ही ॲप एकाच फोनमध्ये नको

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत डेटिंग ॲपवर लेख आला होता, सगळा भर फसवणुकीवर, ते बरोबरच आहे म्हणा, पण ३६ वर्षांच्या एकट्या पुरुषाने नेमकं कुठलं ॲप घ्यावं यावर त्यात एक ओळ नव्हती. मी दोनेक वर्षं यातच आहे म्हणून लिहितोय. लांबलं तर कापा.

सुरुवातीला मित्राला विचारलं कुठलं भारी, त्याने तीन नावं सांगितली आणि मी तिन्ही टाकली. टिंडर, बंबल, हिंज. रात्री अंथरुणात पडलो की अंगठा चालू, इथनं तिथे, तिथनं तिसरीकडे, कोणाशी काय बोललो तेच लक्षात राहीना, शेवटी एकीला विचारलं तुमचा कुत्रा बरा झाला का तर ती म्हणाली माझ्याकडे कुत्राच नाही. झालं, तिथेच संपलं.

मग जरा नीट बघितलं तेव्हा कळलं की दिसायला सारखी असली तरी खेळ वेगवेगळे आहेत. टिंडर २०१२ चं, फोटो बघा आणि नको असेल तर बोटाने डावीकडे, आवडला तर उजवीकडे सरकवा (यालाच स्वाइप म्हणतात), म्हणजे ज्याचे फोटो चांगले येतात त्याचं राज्य. मी प्रत्यक्षात बरा दिसतो हो, पण फोटोत कायम ओळखपत्रावरच्यासारखा येतो. बंबल २०१४ ला व्हिटनी वुल्फ हर्ड यांनी काढलं, त्या आधी टिंडरच्याच सुरुवातीच्या टीममध्ये होत्या. तिथे नियम असा की स्त्री-पुरुष मॅच झाली, म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केलं, तर पहिला मेसेज तिने करायचा, तोही २४ तासांत, नाहीतर मॅच गायब. २०२४ मध्ये त्यांनी थोडी ढील दिली, आता ती आधीच एक प्रश्न लावून ठेवू शकते आणि आपण उत्तर द्यायचं. ज्याला सुरुवात कशी करायची हेच सुचत नाही त्याला हे बरं, फक्त वाट बघायची तयारी पाहिजे. हिंजने तर २०१६ ला स्वाइप काढूनच टाकलं. तिथे तिच्या एखाद्या फोटोला किंवा तिने लिहिलेल्या उत्तराला लाइक करायचं आणि सोबत दोन शब्द लिहायचे, फुकटात दिवसाला लाइक पण मोजकेच मिळतात, त्यामुळे समोरचं वाचावं लागतं. ओकेक्युपिड पण आहे, २००४ पासूनचं जुनं, ढीगभर प्रश्नांची उत्तरं द्या मग किती टक्के जुळतं ते दाखवणार. मला ते निकाल लागल्यासारखं वाटायचं, सोडलं.

आणि गंमत म्हणजे टिंडर, हिंज, ओकेक्युपिड तिन्हींची मालक एकच कंपनी, मॅच ग्रुप. म्हणजे आपण वैतागून ॲप बदलतो तेव्हा बऱ्याचदा दुकान तेच असतं, फक्त काउंटर बदलतो.

मेसेज येत नाहीत म्हणून मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे. नंतर प्यू रिसर्च या सर्वे करणाऱ्या संस्थेचा अमेरिकेतला २०२२ चा सर्वे वाचला, वर्षभरात ॲप वापरलेल्या पुरुषांपैकी ६४ टक्के म्हणाले की मेसेज येत नाहीत म्हणून कमीपणा वाटतो आणि बायकांपैकी ५४ टक्के म्हणाल्या की इतके मेसेज येतात की झेपत नाहीत. एकच ॲप, इकडे दुष्काळ तिकडे पूर. त्या पुरात आपलं नुसतं ‘हाय’ कोण बघणार?

पैसे भरून हे सुटतं असं वाटत असेल तर नाही सुटत. मी एका ॲपचं (नाव नको) प्रीमियम घेतलं, प्रोफाइल जास्त जणींना दिसलं, जास्त जणींनी नाही म्हटलं. वर चिडून ॲप डिलीट केलं आणि विसरलो, पैसे कटतच राहिले. ॲप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं, हे तरी छापाच. आणि जी दुसऱ्याच दिवशी गुंतवणुकीच्या गोष्टी करते तिला ब्लॉक करा, त्यावर तुमच्या लेखात सगळं आलंच आहे.

तर माझं म्हणणं एवढंच की एका वेळी एक ॲप ठेवा, आणि ते मित्राला विचारून नाही, आपलं कुठे अडतं ते बघून ठेवा. माझं फोटोत अडतं, लिहिण्यात नाही, म्हणून मी लाइक मोजून देणारं ठेवलं. एकीच्या फोटोत मागे कपाटात सगळी पुस्तकं उलटी लावलेली होती, मी त्याबद्दल विचारलं, तीन आठवडे झाले, बोलणं चालू आहे. पुस्तकांचं कारण अजून सांगितलेलं नाही तिने.

माझं नाव छापू नका प्लीज, ती पण तुमचाच पेपर वाचते.

आपला,
एक वाचक