नेरीसच्या आकृतीत मागचे पाय तरी बघून छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या विद्यार्थी पानावर फर्स्ट पीयूसीच्या (म्हणजे अकरावीच्या) पोरांसाठी ॲनिमल किंगडमचं रिव्हिजन सुरू केलंत ते फार बरं केलंत, बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आमची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि मग एकदम इंग्लिशमधल्या सायन्समध्ये जाऊन पडतात, त्यांना मराठीत समजावून सांगणारं पान मिळालं की जीव भांड्यात पडतो. पण परवा अ‍ॅनेलिडाच्या (म्हणजे गांडूळ-जळवांसारख्या वलयांच्या अंगाच्या किड्यांच्या) भागात नेरीस या समुद्री किड्याची जी आकृती छापलीत आणि खाली ज्या चार ओळी लिहिल्यात त्याबद्दल बोलावंच लागतंय.

पहिली गोष्ट, ‘नेरीस म्हणजे समुद्रातलं गांडूळ’ असं लिहून मोकळे झालात. अहो, गांडुळाला ना डोळे, ना जबडा, ना पाय. नेरीसचं डोकं नुसतं भिंगाखाली धरून बघा की! वर चार डोळे, पुढे दोन बारीक अँटेना, बाजूला दोन जाडजूड पाल्प (चाचपायचे अवयव), आणि त्याच्या मागच्या वलयावर लांब सिर्रीच्या, म्हणजे मिशांसारख्या दोऱ्यांच्या, चार जोड्या. शिवाय नर वेगळा, मादी वेगळी, गांडुळात आणि जळवेत दोन्ही एकाच अंगात. हे तर एनसीईआरटीच्या पुस्तकातच आहे आणि नीटला यावर हमखास प्रश्न निघू शकतो, म्हणजे तुमचं वाक्य पाठ करणाऱ्याचे मार्क गेलेच.

आता खरी गंमत घशात आहे. भक्ष्य पकडताना हा प्राणी घसा बाहेर उलटवतो, हातमोज्याचं बोट उलटं करावं तसा, आणि टोकाला दोन काळपट वाकडे जबडे दिसतात, आतल्या कडेला दाते असलेले. या जबड्यात जस्त असतं, त्यानं ते कडक होतात. त्याच घशावर बारीक बारीक गडद दाणे असतात, त्यांना पॅराग्नाथ म्हणतात, आणि घशाचे एक ते आठ असे भाग पाडून कुठल्या भागावर किती दाणे, कुठल्या आकाराचे, हे मोजत बसतात. उगाच नाही मोजत, त्यावरूनच नेरीसचे भाऊबंद ओळखतात. सहाव्या भागावर दाण्याऐवजी आडव्या पट्ट्या असल्या तर तो पेरिनेरीस, दाणे एकदम बारीक आणि कंगव्यासारख्या ओळीत असले तर प्लॅटिनेरीस. तोंडाकडच्या कड्यावर काहीच नाही, फक्त जबड्याकडच्या कड्यावर दाणे, तर सेराटोनेरीस.

आणि नेरीस विरुद्ध त्याचाच भाऊबंद निॲन्थेस हे ओळखायला तर घसासुद्धा पुरत नाही, मागचे पाय बघावे लागतात. प्रत्येक पॅरापोडियमला (म्हणजे वलयाच्या बाजूच्या पायाला) वरचा आणि खालचा असे दोन फाटे असतात (पहिल्या दोन जोड्यांना मात्र एकच, तुमच्या आकृतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पाय एकाच छापाचे काढलेत!). नेरीसमध्ये शरीराच्या मागच्या भागात वरच्या फाट्यात आखूड, विळ्याच्या पात्याचे जोडकेस (दोन तुकडे सांध्यानं जोडलेले राठ केस) असतात, निॲन्थेसमध्ये ते नसतात. एक पाय कापून ग्लिसरीनमध्ये स्लाइडवर ठेवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, दहा मिनिटांचं काम. पण कुठल्याही लॅबमधली फॉर्मॅलिनची बरणी बघा, घसा आत गेलेला, रंग उडालेला, आणि लेबल मात्र ठणठणीत, ‘नेरीस’. प्रॅक्टिकलला नमुना ओळखायच्या स्पॉटरला तीच, तोंडी परीक्षेच्या व्हायवाला तीच.

नाव 1758 साली लिनियसनं दिलं, आणि गंमत म्हणजे त्यानं याला गांडूळ-जळवांसोबत ठेवलंच नव्हतं, बिनशंखाच्या गोगलगायी, जेलीफिश, तारामासे यांच्या घोळक्यात टाकलं होतं. मग पुढच्या लोकांनी दिसेल तो पायवाला किडा नेरीसमध्ये भरला. आता एकेक बाहेर काढणं चाललंय. परदेशी पुस्तकांत ज्या नेरीस व्हायरेन्सची चित्रं असायची तो आता अलिटा व्हायरेन्स, नेरीस डायव्हर्सिकलर झाला हेडिस्टे, नेरीस ड्युमेरिली झाला प्लॅटिनेरीस. मूळ नमुन्याची जात नेरीस पेलाजिका, ती उत्तरेकडच्या थंड समुद्रातली. म्हणजे आपल्या पोरांनी पाठ केलेला ‘नेरीस’ बऱ्याचदा नेरीस नसतोच.

हेटेरोनेरीसला तुम्ही ‘दुसरी जात’ म्हणालात. एकोणिसाव्या शतकात लोकांना तसंच वाटलं होतं म्हणा, वेगळा जीनसच (जातींचा गटच) केला होता त्यांनी. पण तो वयात आलेला तोच प्राणी. डोळे मोठे होतात, मागचे पाय रुंद होऊन त्यावर वल्ह्यासारखे केस येतात, आतडं झिजतं, आणि तळाचा चिखल सोडून तो वर पोहायला येतो, अंडी-शुक्राणू पाण्यात सोडतो आणि मरतो. हे लिहायला एक ओळ लागली असती.

पॉलिकीटा (नेरीससारखे), ऑलिगोकीटा (गांडुळं), हिरुडिनिया (जळवा) हे तीन क्लास तुम्ही चौकटीत दिलेत, ठीक, परीक्षेत तेच लिहू देत. फक्त एवढं सांगा की डीएनएच्या अभ्यासानंतर गांडूळ आणि जळवा या पॉलिकीटांच्याच झाडाच्या एका फांदीवर बसतात असं दिसलंय, म्हणजे तीन समान क्लास ही वाटणी आता टिकत नाही. सीईटी झाल्यावर बीएस्सीला गेलेली पोरं मग गोंधळणार नाहीत.

आणि एक सुचवतो. आपल्याकडच्या कॉलेजांच्या ट्रिपा गोव्याला जातात, फोटो काढतात, येतात. कारवारलाच न्या ना, काळी नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीच्या वेळी, कर्नाटक विद्यापीठाचा मरीन बायोलॉजी विभागही तिथेच आहे. चिखल चाळणीत धुतला की असले किडे जिवंत बघायला मिळतील, बरणीतले नाही.

पुढच्या भागात दुरुस्ती छापाल तेव्हा तीन चित्रं द्या: डोकं वरून, घसा बाहेर काढलेला, आणि मागचा एक पाय मोठा करून. जागा कमी पडत असेल तर एक दिवस राशिभविष्य वगळा, कुणाचं काही अडत नाही.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर (जि. बेळगाव)