लाओसची वाट का टाळायची?

रविवारच्या पुरवणीतील आग्नेय आशियाच्या सहलींवरील लेख वाचला. थायलंड, व्हिएतनाम, बाली सारे आले. लाओसचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नाही, याची खंत वाटली. मराठी पर्यटकाला आपला वाटावा असा हा देश आहे. दक्षिणेकडील चंपासक प्रांतात डोंगराच्या कुशीत वाट फू हे ख्मेर काळातील (म्हणजे कंबोडियातील प्राचीन ख्मेर साम्राज्याच्या काळातील) शिवमंदिर आहे. मागच्या कड्यातून झिरपणारे पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यातील शिवलिंगावर अखंड पडावे, अशी तिथे योजना होती. झरा आजही वाहतो. गाभाऱ्यात आता बुद्धमूर्ती आहेत आणि भाविक त्यांच्यापुढे हात जोडतात. चढणीच्या झिजलेल्या पायऱ्यांवर दुतर्फा देवचाफ्याचा सडा पडलेला असतो (हेच तिथले राष्ट्रीय फूल). युनेस्कोने 2001 मध्ये या स्थळाला जागतिक वारसा ठरवले, आणि त्याच्या जतनाच्या कामात आपल्या पुरातत्त्व खात्याचाही वाटा आहे. उत्तरेकडील लुआंग प्रबांग या शहरालाही 2021 पासून राजधानी व्हिएन्तियानहून रेल्वेने दोनेक तासांत पोहोचता येते. पहाटे अनवाणी भिक्खूंची रांग आणि गुडघे टेकून त्यांच्या पात्रात चिकट भाताचा घास वाढणाऱ्या आजीबाई तिथे रोज दिसतात. पुरवणीने लाओसवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे