डिचोलीच्या त्या काकांचे मनापासून आभार

गेल्या रविवारी बाबांच्या जुन्या मोटारसायकलच्या क्लच प्लेट बदलायला घेतल्या. ऑइल काढलं, बोल्ट सोडवले, पण उजवीकडचं इंजिन कव्हर, ज्याच्या आत क्लच असतो, ते काही हलेना. दोन पावसाळे गाडी अंगणात उभी होती, त्याचा हा परिणाम. सगळे गॅरेज बंद. शेवटी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणार, तोच रस्त्यावरून जाणारे एक वयस्कर काका थांबले.

"पुता, तसं करू नको. ॲल्युमिनियम आहे, चरा पडला की तिथूनच ऑइल गळणार."

हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून ते चक्क जमिनीवर बसले. कव्हराच्या कडेने बोट फिरवत गेले आणि खाली चिखलात दडलेला एक बोल्ट त्यांना सापडला. मला तो दिसलाच नव्हता! त्याचं डोकं आधीच झिजलेलं. घरी जाऊन ते इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने ठोकलं की घट्ट बोल्ट फिरवणारं हत्यार, घेऊन आले. हातोडीच्या तिसऱ्या घावाला बोल्ट सुटला. मग लाकडाचा ठोकळा धरून कडेकडेने हलकेच ठोकत राहिले. कव्हर नेमक्या जागी बसवणारी डॉवेल पिन गंजून धरली होती, ती सैल झाली आणि कव्हर अलगद हातात आलं.

बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवला. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला.

काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं. कव्हराच्या सांध्यात नवीन गॅस्केट (ऑइल गळू न देणारा पातळ थर) बसवलं, ऑइलचा थेंबही गळत नाही. बाबांनी काल गाडी बाजारापर्यंत नेली.